विमानवाल्यांना खुलं पत्र: अडीचला गाडी निघणार आहे, त्याच्या आत काय ते सांगा

नाशिकरोड, 24 मार्च 2022

प्रति,
विमान खात्यातले साहेबलोक, सगळ्या विमान कंपन्या आणि एअरपोर्टवर काऊंटरच्या पलीकडे बसणारे तुम्ही सगळे

स.न.वि.वि.

मी जेलरोडला राहतो, प्रेसमधून 2019 ला रिटायर झालो. प्रेस म्हणलं की लोकांना नोटाच आठवतात, पण देशाचे पासपोर्टसुद्धा इथेच, आमच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात. म्हणजे तुम्ही ज्या पुस्तिकेवर शिक्का मारता ती आमच्या गावची. आणि गंमत बघा, माझा स्वतःचा पासपोर्ट एकही शिक्का न लागता तीन वर्षं कपाटात हिच्या पैठणीखाली पडून आहे, हिचाही तिथंच.

येत्या रविवारी, 27 मार्चला, परदेशाची विमानं पुन्हा नेहमीसारखी सुरू होणार असं तुम्ही 8 तारखेला जाहीर केलंत. सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी टाळ्यांचे इमोजी टाकले, मी पण टाकला. टाकला आणि लगेच वाटलं, थांबा जरा, हे आपण आधी ऐकलंय. मार्च 2020 ला कोरोना आला आणि तुम्ही परदेशी विमानं बंद केलीत तेव्हा एक आठवडा म्हणाला होतात. एक आठवडा! त्याला आज दोन वर्षं झाली. तुमची चूक होती असं मी म्हणत नाही, तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं, पण तुमच्या तारखेवर लगेच भरवसा का बसत नाही ते तुम्हाला कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची लेक मेलबर्नला असते. तिचं पहिलं बाळंतपण मे 2020 ला होतं आणि आमचं तिकीट होतं 9 एप्रिलचं, मुंबईहून, मध्ये एक विमान बदलून. हिने फेब्रुवारीपासूनच डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी जमवायला घेतली होती. मी रविवार कारंजावरून हुकाचा ताणकाटा आणला, बॅग टांगून वजन करायला, आणि रोज संध्याकाळी ती बॅग टांगायचो, साडेबावीस किलो, मग ही त्यात अजून एक दुपटं घालणार, मग परत टांगायची. लाडू झाले 18 मार्चला. 20 मार्चला ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांना दार लावून घेतलं, 23 ला तुम्ही परदेशी विमानं थांबवलीत, 25 ला देशातली पण. ते बाळंतिणीचे लाडू आम्ही दोघं म्हातारी माणसं लॉकडाऊनमध्ये रोज एक एक करून खात बसलो, टीव्हीवर आकडे बघत. काय करणार, वाया कसे घालवायचे. झबली मात्र अजून तशीच आहेत, प्राईस टॅगसकट. आता नातवाच्या एका पायात पण जाणार नाहीत.

मग सुरू झालं रिफंडचं प्रकरण. दोघांचं जाऊन-येऊन तिकीट 1 लाख 12 हजारांचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढं-मागं त्यांच्याच विमानात बसायची वेळ येईल. कंपनी म्हणे तुम्ही एजंटकडून काढलंय, एजंटला विचारा. एजंट म्हणे काका, कंपनीने पैसे सोडले की देतो. नंतर क्रेडिट शेल नावाचा प्रकार कळला, म्हणजे तुमचे पैसे आमच्याकडे, त्यावर पुन्हा कधीतरी प्रवास करा. पुन्हा म्हणजे कधी? बाळ तर होऊन गेलं! 1 ऑक्टोबर 2020 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की अडचणीत असलेल्या कंपन्यांना क्रेडिट शेल ठेवायचं तर 31 मार्च 2021 पर्यंतच, आधी महिन्याला अर्धा टक्का आणि जुलैपासून पाऊण टक्का असं त्यात वाढवून, आणि तरीही वापरलं गेलं नाही तर पैसे परत. मी पेपरातलं कात्रण कापून, लॅमिनेट करून (हो, लॅमिनेट, प्रेसवाला माणूस आहे मी, कागद चुरगळलेला बघवत नाही) एजंटच्या दुकानात घेऊन गेलो. त्याने ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, काका, कोर्ट दिल्लीत आहे, मी इथं नाशकात, शालिमारला आहे.

पैसे आले चौदा महिन्यांनी, दोन हप्त्यात, आणि कसला तरी चार्ज कापून. कसला ते आजपर्यंत कळलं नाही.

मधल्या काळातलं फार लिहीत नाही. एप्रिल 2021 ला माझे मोठे बंधू गेले, तेव्हा नाशिकला काय चाललं होतं ते सगळ्यांना माहिती आहे. लेकीला यायचं होतं. पण ती तिथं पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, आणि त्यांच्याकडे तेव्हा स्वतःच्या माणसालाही परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नव्हतं, ते बंधन उठलं थेट नोव्हेंबर 2021 ला. आणि एप्रिलच्या शेवटी तर त्यांनी भारतातून येणारी विमानंच थांबवली आणि 3 मे पासून काही दिवस असा कायदा लावला की भारतातून कोणी परत आलं, मग तो त्यांचा नागरिक का असेना, तर दंड किंवा पाच वर्षांपर्यंत जेल. मीच तिला सांगितलं येऊ नको म्हणून. काकांचं शेवटचं तिने फोनवर बघितलं, तेही नेट अडकत अडकत.

नोव्हेंबर 2021 ला ऑस्ट्रेलियाने तिथल्या लोकांच्या आई-वडिलांना यायची सोय केली. आम्ही लगेच कागद केले. 26 नोव्हेंबरला तुम्ही जाहीर केलंत की 15 डिसेंबरपासून रेग्युलर विमानं सुरू. मी त्याच रात्री 20 डिसेंबरचं तिकीट काढलं, यावेळी एजंट नको म्हणून स्वतः मोबाईलवरून, ओटीपी दोनदा चुकला. आणि 1 डिसेंबरला तुम्ही म्हणालात, नाही, आत्ता नाही. ओमिक्रॉन आला होता, मान्य. पण 26 ते 1 म्हणजे पाच दिवस हो! ती फ्लाईट कंपनीने कधी काढून टाकली ते आम्हाला मेलवरून नाही, ॲप उघडल्यावर कळलं, जिथे आदल्या दिवशी वेळ लिहिलेली होती तिथे नुसती एक आडवी रेघ होती. ही काही बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन तिने बॅगेतला चिवडा काढून परत डब्यात भरला. त्यानंतर तारीख 31 जानेवारी झाली, मग 28 फेब्रुवारी, मग पुढील आदेशापर्यंत.

तर आता तिसरं तिकीट. 7 एप्रिल, रात्रीचं विमान. 2020 ला जे 1 लाख 12 हजार होतं ते आता दोन लाखांच्या पुढं गेलंय. इंधनाचं म्हणाल तर 16 मार्चला विमानाचं तेल पहिल्यांदाच किलोलिटरला 1 लाखाच्या वर गेलं हे मी पण वाचलंय, युक्रेनचं युद्ध चालू आहे, कळतं. भाड्यावरून मी तुमच्याशी भांडणार नाही, पेन्शनीतून साठवलेत ते कशासाठी साठवलेत.

भीती वाटते का, तर वाटते. सोमवारी चीनमध्ये ते विमान कोसळलं, आत 132 माणसं होती, आणि आमच्याकडे टीव्ही दिवसभर चालू. हिने रिमोट ठेवून दिला आणि विचारलं, आपलं कोणतं आहे, तेच का? मी म्हणलं नाही. खरं सांगायचं तर आपलं कोणतं आहे ते मला माहिती नव्हतं, नंतर गुपचूप बघितलं, वेगळं निघालं. मग हिला दमा, चौदा-पंधरा तास मास्क लावून बसायचं, डॉक्टर म्हणतात दर तासा-दोन तासाने उठून चाला, पायात रक्ताची गुठळी नको. लेकीने समजावलं की बाबा, विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, हेपा फिल्टर असतो, तो बारीक कणांपैकी 99.97 टक्के अडवतो, दवाखान्यासारखंच. मला ते पटलं. विमानात बसल्यावरची काळजी माझी निम्मी गेली. पण लेकी, विमानात शिरायच्या आधी जी बस असते ना, जिच्यात शंभर माणसं दांड्याला लोंबकळत उभी असतात, तिच्यात कोणता फिल्टर आहे? आणि सिक्युरिटीच्या रांगेत? मागचा माणूस त्याची ट्रे आपल्या पाठीला टेकवून उभा राहतो तिथे? परवाच वाचलं की आता हाताने अंग चाचपून तपासणी परत सुरू होणार, क्रूला पीपीई किटची गरज नाही, आजारी पडणाऱ्यांसाठी तीन सीट रिकाम्या ठेवायच्या त्याही नकोत. चांगलंय, माणसांसारखं दिसायला लागेल सगळं. मास्क तेवढा ठेवलाय तो राहू द्या थोडे दिवस.

पण ही भीती मी पेलू शकतो. जी पेलवत नाही ती वेगळी, आणि खरं म्हणजे तेवढं एकच सांगायला हे पत्र लिहायला बसलो.

तुमच्या लेखी प्रवास एअरपोर्टच्या गेटवर सुरू होतो. आमचा कुठं सुरू होतो माहितीये? आमची फ्लाईट रात्री अकराच्या पुढची. तीन तास आधी पोहोचायचं म्हणजे आठ. नाशिकरोडहून टी-टूपर्यंत, म्हणजे मुंबई एअरपोर्टच्या टर्मिनल दोनपर्यंत, गाडीला साधारण चार तास, पण कसारा घाटात एक कंटेनर आडवा झाला की संपलं, आणि भिवंडी बायपासला संध्याकाळी काय होतं ते तिथून जाणाऱ्याने सांगावं. म्हणून ड्रायव्हरला अडीचला बोलावलंय. आता त्याच्या मागे मोजा. ऑस्ट्रेलियाला निघण्याआधी तीन दिवसांच्या आतला पीसीआर लागतो, नाहीतर 24 तासांच्या आतली रॅपिड टेस्ट, तीही डॉक्टरच्या देखरेखीत केलेली. तीन दिवस म्हणजे 72 तास का कॅलेंडरवरचे तीन दिवस, यावर मला तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. मध्ये जिथे विमान बदलायचंय त्या देशाचं आणखी वेगळंच. लॅबवाला म्हणतो रिपोर्ट 24 तासात देतो, "पण काका लोड असला तर सांगता येत नाही". ऑस्ट्रेलियाचा तो डिजिटल फॉर्म भरायचा, त्यात लसीचं सर्टिफिकेट चढवायचं. हिच्या सर्टिफिकेटवर नाव आधारसारखं, म्हणजे स्वतःचं, माझं आणि आडनाव, आणि पासपोर्टवर माझं नाव मध्ये नाहीच. कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी साईटवर, नाव दुरुस्त करायला गेलो तर दुरुस्ती एकदाच करता येईल अशी सूचना. एकदाच! माझा अंगठा थरथरत होता हो. अर्धा तास नुसतं बघत बसलो, मग शेजारच्या कॉलेजच्या पोराला बोलावलं, त्याने दोन मिनिटात केलं आणि वर म्हणाला, काका एवढं काय टेन्शन घेता.

एवढं सगळं डोमिनोसारखं उभं करून आम्ही अडीचला गाडीत बसणार. आणि त्यानंतर, समजा इगतपुरीला चहा घेताना, तुमचा कुठलातरी नवीन कागद निघाला की आजपासून अमुक रिपोर्ट पण लागेल, तर आम्ही काय करायचं? घाटात लॅब नाही. मुंबईतल्या माणसाला तुम्ही तीन तास आधी सांगितलं तरी तो घरी जाऊन दुसरा कागद आणेल. आम्ही नाशिकचे, जळगाव-धुळ्याचे तर अजून लांबचे, आम्ही आधीच रस्त्यात असतो.

आणि हे मनाचं सांगत नाही. 25 मे 2020 ला देशातली विमानं सुरू झाली तेव्हा मुंबईतून रोज फक्त 25 जाणार आणि 25 येणार हे आदल्या दिवशी संध्याकाळी ठरलं, लोक बॅगा घेऊन एअरपोर्टवर गेले आणि बोर्डावर आपली फ्लाईट कॅन्सल बघून बाहेर बसले. फेब्रुवारी 2021 ला कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना 72 तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लावला, आमच्या शेजारच्यांची बंगलोरची सून चार दिवस इकडं अडकली, लहान लेकरू तिकडं. तेव्हा नियम लावू नका असं कुणी म्हणलं नाही आणि मी आजही म्हणत नाही. आजार पसरतोय तर लावा, आमच्याच भल्याचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की जो माणूस घरून निघाला त्याला निघतानाचा नियम लावा. नवीन नियम काढलात तर तो दोन दिवसांनी लागू करा, आणि फारच घाईचा असेल तर ती नवीन टेस्ट एअरपोर्टवरच करायची सोय ठेवा, पैसे घ्या, पण माणसाला परत पाठवू नका. म्हाताऱ्या माणसाला रात्री अकराला टी-टूच्या बाहेर ट्रॉलीवर बसवून तुमचं कोणतं संरक्षण होतं?

दुसरं म्हणजे पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच खात्यात परत द्या, मध्ये एजंट असो नसो. एवढं केलंत तर शालिमारपर्यंत कोर्ट पोहोचलं असं मी समजेन.

आणि नाशिकजवळच्या ओझरचं बोलल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. आमच्याकडे एअरपोर्ट नाही असं नाही. एचएएलची, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची, धावपट्टी आहे, जिच्यावरून मिग आणि सुखोई उडाले. 2014 ला चांगली टर्मिनल बिल्डिंग झाली, डिसेंबर 2017 ला सरकारच्या उडान योजनेतून मुंबईचं छोटं विमान सुरू झालं तेव्हा आम्ही प्रेसमधले चार जण नुसतं बघायला गेलो होतो. पुढच्या वर्षी दिल्लीचं सुरू झालं, मग ती कंपनीच बसली. असं आमचं विमान पाहुण्यासारखं, येतं, चार दिवस राहतं, जातं. मला ओझरहून मेलबर्न नकोय, तेवढा भोळा नाही मी. पण ओझरहून दिल्ली किंवा हैदराबाद आणि तिथून पुढं हे एकाच तिकिटात मिळालं पाहिजे, बॅग एकदाच द्यायची, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी तुमची. दोन वेगळी तिकीटं काढली आणि पहिलं लेट झालं तर दुसरं गेलं, पैसे पण गेले, हे मला तीन तिकीटांच्या अभ्यासातून कळलेलं शहाणपण आहे. तसं झालं तर कसारा घाट सुटेल आमचा.

बाकी तयारी चालू आहे. मी प्रिकॉशन डोस, म्हणजे कोरोनाच्या लसीचा तिसरा डोस, घेतला गेल्या आठवड्यात, साठच्या पुढच्या सगळ्यांना सुरू केला त्याच दिवशी, हिचा दम्यामुळे आधीच झालाय. ही कुरडया घालतेय गच्चीवर, लेक म्हणते आई दुधाचं आणि बियांचं काही आणू नको, बाकी जे आणशील ते फॉर्मवर लिही, इथले कस्टमवाले फार कडक. आता कुरडईला इंग्रजीत काय लिहायचं यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे. मी म्हणलं नूडल्स लिही, सरळ. ही म्हणते खोटं लिहायचं नाही. द्राक्षं न्यायची फार इच्छा होती, सीझन आहे, पण ताजं फळ नेता येत नाही म्हणे, आणि बेदाण्याचं विचारून घेतो.

नातू मे महिन्यात दोन वर्षांचा होईल. तो मला म्यूट म्हणतो. व्हिडिओ कॉलवर लेक दर वेळी "बाबा, म्यूट, म्यूट" असं ओरडायची, त्यामुळे त्याला वाटतं ते माझं नाव आहे. स्क्रीनवर मी दिसलो की बोट दाखवून म्हणतो, म्यूट आले. ते मला विमानतळावर समोरासमोर ऐकायचंय, एवढा माझा या प्रवासाचा अजेंडा आहे.

ताणकाटा परत खुंटीला लावलाय. काल संध्याकाळी बॅग तेवीस किलो दोनशे ग्रॅम भरली, दोनशे ग्रॅम काय काढायचं ते अजून ठरत नाहीये, ही म्हणते तुमची बूटं काढा.

तर साहेब, 7 एप्रिल, गुरुवार. दुपारी अडीचला गाडी बिटको चौकातून निघणार आहे. काही बदलणार असेल तर त्याच्या आत कळवा, फोन चालू ठेवतो.

आपला,
एक प्रवासी (दोन कॅन्सल, एक कन्फर्म)
जेलरोड, नाशिकरोड